सर्चमध्ये न सापडणारा मराठवाडा

मराठवाड्यातल्या चर्चासत्रांत हल्ली एक विधान इतक्या सहजपणे केलं जातं की त्याला कुणी पुरावा मागत नाही. डिजिटल साधनांनी केंद्र आणि परीघ यांतलं अंतर मिटवलं, असं ते विधान. छत्रपती संभाजीनगरात, किंवा अगदी कन्नड-वैजापूरच्या महाविद्यालयात बसलेल्या संशोधकाला आज पुण्या-मुंबईच्या संशोधकाइतकंच सगळं उपलब्ध आहे, उरला तो फक्त कष्टांचा प्रश्न, असा त्याचा विस्तार. पीएच.डी.च्या आराखड्यांत याच समजुतीचं टोकाचं रूप भेटतं. ‘शोधगंगा’वर विषयाचं नाव टाकलं, काही आलं नाही, की ‘प्रस्तुत विषयावर यापूर्वी संशोधन झालेले नाही’ हे वाक्य लिहून मोकळं व्हायचं. हे मत रसायनशास्त्राच्या किंवा संगणकशास्त्राच्या संशोधकापुरतं बव्हंशी खरं आहे. खुद्द मराठवाडा हा ज्याच्या अभ्यासाचा विषय आहे, त्याच्याबाबत मात्र ते दिशाभूल करणारं आहे.

पूर्वपक्ष दुबळा करून मांडला तर खंडनाला अर्थ उरत नाही, म्हणून आधी त्याचं बळ मान्य करू. मराठवाडा विद्यापीठाची स्थापना 23 ऑगस्ट 1958 ची. त्याआधी इथली महाविद्यालयं हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली होती. त्यानंतरही कित्येक वर्षं एखाद्या नियतकालिकातल्या एका लेखासाठी एसटीने पुणं नाहीतर मुंबई गाठावी लागे. आज गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने चालवलेल्या ‘शोधगंगा’वर देशभरातले लाखो प्रबंध फुकट वाचता येतात. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला केंद्र सरकारने नोव्हेंबर 2024 मध्ये मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपयांची तरतूद झाली आणि 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिकं सरकारी शिक्षणसंस्थांना खुली झाली. मोल्सवर्थचा कोश शिकागो विद्यापीठाच्या प्रकल्पामुळे मोबाइलवर उघडतो. जिल्हा गॅझेटियर घरबसल्या वाचता येतात. प्रवासाला पैसे नसल्यामुळे ज्यांचं संशोधन अडलं, त्या पिढीला हे सगळं स्वप्नवत वाटलं असतं. ते नाकारण्याचा प्रश्नच नाही.

आक्षेप आहे तो या सोयीतून काढलेल्या निष्कर्षावर. ‘उपलब्ध आहे ते सापडतं’ इथून ‘सापडत नाही ते नाहीच’ इथवर उडी मारली जाते, आणि ही उडी तर्काला धरून नाही. शोधयंत्र स्वतः काही वाचत नाही. कुणीतरी आधी वाचलेलं, टंकलेलं, नाव देऊन यादीत बसवलेलं तेवढंच ते पुढे करतं. मलिक अंबरने छत्रपती संभाजीनगरात आणलेल्या नहरीसारखाच हा प्रकार आहे. हौदात पडणारं पाणी सगळ्यांना दिसतं, डोंगरापासून जमिनीखालून आलेला नळ कुणाला दिसत नाही, आणि तो जिथवर खोदला तिथवरच पाणी येतं. मराठवाड्याच्या साधनांसाठी हे खोदकाम फार थोडं झालं आहे. ते कुठे कुठे अडलं, हे एकेक करून पाहू.

सुरुवात शहराच्या नावापासून करावी लागते. मलिक अंबरने 1610 मध्ये वसवलं ते खडकी. त्याच्या मुलाने, फतेहखानाने, त्याचं फतेहनगर केलं. 1653 मध्ये औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार होऊन आला आणि औरंगाबाद झालं. मोगल नाण्यांवर आणि कागदांवर ‘खुजिस्ता बुनियाद’ असंही येतं. 2023 पासून अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर. आता सर्चमध्ये यांपैकी एक नाव टाका. नवं नाव टाकलं तर बहुतांश गेल्या काही वर्षांचंच साहित्य हाती लागतं. ‘औरंगाबाद’ टाकलं तर बिहारचा त्याच नावाचा जिल्हा मिसळतो. रोमन लिपीत ‘किरकी’ टाकलं तर पुण्याजवळची खडकी आणि तिथली 1817 ची लढाई पुढ्यात येते. विद्यापीठाचंही तेच. 14 जानेवारी 1994 पूर्वीच्या प्रबंधांवर ‘मराठवाडा विद्यापीठ’, नंतरच्यांवर ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’, आणि इंग्रजी संक्षेप तर प्रत्येकाने आपापल्या सवयीने केलेले. एकाच जागेची ही सारी नावं एकत्र बांधणारी प्रमाणित नामसूची नसेल, तर शोधाचा निकाल शहराबद्दल कमी आणि शोधणाऱ्याच्या शब्दनिवडीबद्दल जास्त सांगतो.

नावं निदान उघड बदलतात. सीमा गुपचूप बदलतात. जालना जिल्हा 1 मे 1981 रोजी निर्माण झाला तो मुख्यतः औरंगाबाद जिल्ह्यातून, परभणीतलं परतूर घेऊन. पुढच्या वर्षी उस्मानाबादेतून लातूर निघाला, 1999 मध्ये परभणीतून हिंगोली. जनगणना खातं दशवार बदलाच्या तक्त्यात जुनी लोकसंख्या नव्या सीमांना जुळवून देतं. पण पिकाखालचं क्षेत्र, शाळा, विहिरी, सहकारी संस्था यांच्या तक्त्यांत अशी सोय असेलच असं नाही. संशोधक दोन पीडीएफ उतरवतो, आकडे एक्सेलमध्ये भरतो आणि 1971 ते 1991 अशी रेघ काढतो. रेघ घसरते, आणि त्या घसरणीची कारणं दुष्काळात, स्थलांतरात, सरकारी अनास्थेत शोधली जातात. निम्मी घसरण जालन्याकडे गेलेली असते. एक्सेलने चूक केली नाही. ‘औरंगाबाद जिल्हा’ म्हणजे कोणत्या वर्षीचा, हे विचारायचं काम एक्सेलचं नव्हतंच.

तिसरी अडचण अक्षरांची. 1990 आणि 2000 च्या दशकांत मराठीचे असंख्य प्रबंध श्रीलिपी, कृतिदेव, आयएसएम अशा जुन्या फाँट-पद्धतींत टंकले गेले. पडद्यावर पान स्वच्छ मराठी दिसतं, पण यंत्राच्या लेखी तिथे रोमन अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक रांग असते. त्याहून जुने प्रबंध म्हणजे स्कॅन केलेली चित्रं. दोन्हींच्या मजकुरात काहीही शोधलं तरी उत्तर शून्य. युनिकोड आल्यावरही सारं सुरळीत झालं असं नाही. ‘ॲ’ हे अक्षर तीन तऱ्हांनी टंकता येतं: ‘अ’ला चंद्र जोडून, हिंदीचं ‘ऍ’ वापरून, किंवा युनिकोडमध्ये 2008 साली आलेलं स्वतंत्र अक्षर वापरून. डोळ्यांना ‘ॲड.’ एकच, यंत्राला तीन. शिवाय मराठीचं शुद्धलेखन 1962 मध्ये बदललं. त्याआधीच्या छापील मजकुरात ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘मुळें’ असे अनुस्वार आहेत. आजच्या वळणाने ‘काही’ टाकणाऱ्याला ते पान दिसणार नाही. हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या काळातलं मराठी वृत्तपत्रीय लेखन जवळजवळ सगळं या जुन्या वळणाचं आहे.

लिपीची अडचण तर याहून खोल आहे. मराठवाड्याचा कारभार सव्वादोनशे वर्षं निजामाच्या राज्यात चालला, आधी फारसीत आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून उर्दूत. गावपातळीवरच्या, देशमुख-देशपांड्यांच्या कागदांत मोडी होती. शहाजहान आणि औरंगजेबाच्या काळातले दख्खनच्या मोगल कारभाराचे दीड लाखाच्या आसपास कागद हैदराबादच्या राज्य अभिलेखागारात आहेत, तेही बहुतांशी शिकस्ता या घाईच्या फारसी वळणात. महानुभावांच्या पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत. वि. का. राजवाड्यांनी त्या लिपीची फोड केली नसती, तर लीळाचरित्राचं पान समोर असूनही वाचता आलं नसतं. मराठवाडा विद्यापीठाच्या मराठी विभागात यू. म. पठाण यांनी महानुभाव साहित्यावर जे काम उभं केलं, त्याला पोथी मिळवणं आणि ती वाचणं असा दुहेरी पाया होता.

याची दुसरी बाजूही तितकीच बोलकी आहे. मौलवी अब्दुल हक यांनी अंजुमन तरक्की-ए-उर्दूचा कारभार 1912 च्या सुमारास औरंगाबादेत आणला, आणि पुढची अडीच दशकं उर्दू जगातल्या एका मोठ्या संस्थेचं केंद्र हे शहर होतं. ‘उर्दू’ नावाचं तिचं त्रैमासिक 1921 मध्ये इथूनच निघालं. ‘रेख्ता’च्या संकेतस्थळावर आज हजारो जुनी उर्दू पुस्तकं आणि नियतकालिकं कुणालाही वाचायला ठेवलेली आहेत. म्हणजे या शहराच्या बौद्धिक इतिहासाचा एक मोठा तुकडा डिजिटल झालेला आहे आणि फुकटही आहे. तरी ‘औरंगाबादची वाङ्मयीन परंपरा’ या विषयाच्या मराठी आराखड्यात तो येत नाही, कारण शोध देवनागरीत घेतलेला असतो. कवी सिराज औरंगाबादीपासून ‘अस्मितादर्श’ या दलित साहित्याच्या नियतकालिकापर्यंतचा प्रवास एकाच शहरात घडला, पण दोन लिप्यांत विभागलेल्या शोधांत ही दोन वेगळी गावं होतात. यात अंतराचा, पैशाचा, इंटरनेटच्या वेगाचा काही संबंध नाही. वाचकच तयार झाला नाही.

हा केवळ तर्क नाही, याची चाचणी सर्वांच्या डोळ्यांदेखत झाली. सप्टेंबर 2023 मध्ये राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मराठवाड्यातल्या निजामकालीन आणि इतर जुन्या नोंदींतून कुणबी नोंदी शोधण्याचं काम तिच्याकडे होतं. मराठा आरक्षणाच्या वादात इथे शिरायचं नाही. मला त्यातला अभिलेखांचा भाग महत्त्वाचा वाटतो. तहसीलांत, भूमी अभिलेख कार्यालयांत, शाळांत दप्तरं उघडली गेली, सापडलेल्या नोंदींच्या प्रतिमा जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढल्या. स्कॅनर होते, संगणक होते, मनुष्यबळही होतं. पण कागद मोडीत, उर्दूत आणि फारसीत होते, आणि त्यांच्या जाणकारांची जागोजागी शोधाशोध करावी लागली. ज्या प्रदेशात अर्ध्या शतकाहून जुनं विद्यापीठ आहे, इतिहासाचे विभाग आहेत, तिथे स्वतःचे कागद वाचणारी माणसं ऐनवेळी शोधावी लागली. ‘साधनं आली, आता फक्त कष्ट हवेत’ या मताला यापेक्षा स्पष्ट उत्तर काय असू शकतं?

यावर असं म्हटलं जाईल की हे शब्दांपुरतं झालं, चित्रांचं तसं नाही. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या उत्तम डिजिटल प्रतिमा आहेत, मग लेणीत जाऊन डोळे ताणायची गरज काय? प्रतिमांचं मोल अजिंठ्याइतकं कुणाला कळणार? रॉबर्ट गिलने 1844 पासून वर्षानुवर्षं खपून केलेल्या प्रतिकृतींपैकी बहुतेक 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या कलाशाळेचे विद्यार्थी यांनी 1872 पासून केलेल्या प्रतिकृतींपैकी बऱ्याच 1885 च्या लंडनमधल्याच आगीत जळाल्या. अनेक ठिकाणी ठेवता येणारी डिजिटल प्रत हा या आपत्तीवरचा खरा उपाय आहे. पण अजिंठ्याच्या कालनिर्णयातला गेल्या अर्धशतकातला सर्वांत मोठा वाद कशावरून पेटला ते पाहावं. कला-इतिहासकार वॉल्टर स्पिंक यांनी महायान काळातली लेणी वाकाटक राजा हरिषेणाच्या कारकिर्दीच्या आसपासच्या जेमतेम दोन दशकांत आणून बसवली. त्यासाठी त्यांनी बोट ठेवलं ते दारांच्या बिजागरीच्या खाचांवर, अर्धवट सोडलेल्या खोल्यांवर, घाईत उरकलेल्या कोरीवकामावर. त्यांचा निष्कर्ष सगळ्यांना मान्य नाही, पण विरोधकांनाही त्याच खाचांचा हिशेब द्यावा लागतो. आणि छायाचित्रकार नेमक्या याच गोष्टी चौकटीबाहेर ठेवतो. प्रतिमा कुणाच्या तरी प्रश्नातून घेतलेली असते. तुमचा प्रश्न वेगळा असेल तर फर्दापूरला उतरून लेणी चढण्याला पर्याय नाही.

साधन जे वाचू शकतं तेच मोजतं, याचा सर्वांत गमतीशीर नमुना म्हणजे साम्याची टक्केवारी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांनी दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड ठेवला नाही, आणि त्यानंतर ‘नऊ टक्के’चा दाखला हाच प्रामाणिकपणाचा दाखला झाला. मूळ मजकूर जुन्या फाँटमध्ये किंवा चित्ररूपात असेल तर त्याची सहीसही नक्कल सॉफ्टवेअरला दिसणं कठीण. इंग्रजी ग्रंथाचा परिच्छेदामागून परिच्छेद मराठीत उतरवला तर तोही सहसा निसटतो. उलट अभंगांवर काम करणाऱ्याला अवतरणं वगळून घेण्यासाठी खिडक्या गाठाव्या लागतात. नियमाचा हेतू चांगला आहे, त्यात अवतरणं वगळण्याची तरतूदही आहे. पण ज्या भाषेतला पूर्वीचा मजकूर यंत्राच्या कोठारात पोचलेलाच नाही, त्या भाषेत कमी टक्केवारी म्हणजे फक्त ‘तुलनेला काही मिळालं नाही’.

आता सर्वांत ताजा युक्तिवाद: कृत्रिम बुद्धिमत्ता हे सगळं सोडवेल. मोडी वाचेल, शिकस्ता वाचेल, वळणं जुळवेल. काही प्रमाणात ते होईलही. युरोपातल्या जुन्या हस्ताक्षरांसाठी इन्सब्रुकमध्ये आकाराला आलेलं ‘ट्रान्सक्रिबस’ आज अनेक अभिलेखागारांत वापरलं जातं. पण ते शिकलं कशावरून? जाणकारांनी ओळीला ओळ लावून दिलेल्या पानांवरून. मोडीला 2014 मध्ये युनिकोडमध्ये जागा मिळाली, म्हणजे अक्षरांना क्रमांक मिळाले, वाचन मिळालं नाही. मोडीत शब्द तोडून लिहायची रीत नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, लेखकागणिक वळण बदलतं. इथल्या विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागात हस्तलिखित देवनागरीच्या आणि मोडीच्या यांत्रिक वाचनावर काम झालं आहे. ते सुट्या अक्षरांकडून अख्ख्या दप्तराकडे न्यायचं तर अचूक लिप्यंतर केलेली हजारो पानं लागतील, आणि ती इतिहास-मराठी-उर्दूच्या लोकांखेरीज कुणी देऊ शकणार नाही. यंत्राला शिकवणारा माणूसच नसेल तर यंत्र अंदाजाने वाचेल. अंदाज सफाईदार मराठीत छापून आला की तो पकडायलाही पुन्हा मोडी येणारा माणूसच हवा.

इथवर वाचून संगणकद्वेष्ट्यांनी खूश होऊ नये. ‘पूर्वीचे संशोधक चिठ्ठ्या करत, धूळ खात, म्हणून ते खरे’ हे म्हणणं मला तितकंच पोकळ वाटतं. धुळीतही उचलेगिरी चालत होती, फक्त पकडली जात नव्हती. पूर्वी एखाद्या प्राध्यापकाच्या कपाटात अडकलेली दुर्मीळ प्रत मिळवायला ओळख लागे, जात-पात आणि गटबाजी पार करावी लागे. ती मक्तेदारी डिजिटल प्रतीने मोडली, आणि ही तिची लोकशाही कामगिरी आहे. मिलिंद महाविद्यालयाने 1950 पासून ज्या वर्गांना शिक्षणाच्या दारात आणलं, त्यांच्या पुढच्या पिढ्यांसाठी खुला प्रबंध, खुला कोश ही चैन नव्हे. म्हणूनच ही साधनं अपुरी आहेत एवढं म्हणून थांबता येत नाही. ती पुरी करण्याचं काम कुणाचं, हे ठरवलं पाहिजे.

माझ्या मते ते काम संशोधकाचंच आहे, आणि ते संशोधन म्हणूनच गणलं गेलं पाहिजे. मागण्या अवघड नाहीत. ‘यापूर्वी संशोधन झालेले नाही’ असं लिहिणाऱ्याने कुठे, कोणत्या तारखेला, कोणत्या नावांनी, कोणत्या वळणांनी आणि कोणत्या लिप्यांत शोधलं याचा तपशील आराखड्याला जोडावा, आणि नसेल तर आराखडा परत जावा. प्रबंध युनिकोडमध्ये, शोधता येईल अशा स्वरूपातच स्वीकारावा. आयोगाच्या 2022 च्या नियमांत पीएच.डी.च्या अभ्यासक्रमासाठी किमान 12 श्रेयांकांची अट आहे. मराठवाड्याच्या इतिहासावर, समाजावर किंवा साहित्यावर काम करणाऱ्यासाठी त्यांतले काही मोडी किंवा उर्दू वाचनाला द्यावेत. संदर्भ सांभाळणारी सॉफ्टवेअर हवीच, पण ज्याचा संदर्भ द्यायचा तो कागद आधी वाचता आला पाहिजे. जिल्हा, तालुका, गाव यांच्या जुन्या-नव्या नावांची आणि बदलत्या सीमांची सालवार सूची विद्यापीठाने एकदा करून खुली ठेवावी. पुढच्या प्रत्येक संशोधकाच्या कामातला एक चुकीचा तक्ता त्याने टळेल.

याहून मोठा बदल प्रतिष्ठेच्या उतरंडीत व्हावा लागेल. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड काढले. त्यांचे निष्कर्ष पुढे अनेकांनी खोडले, पण खोडणाऱ्यांनीही वापरले ते त्यांनीच छापलेले कागद. साधनं प्रसिद्ध करणं ही इतिहासलेखनाची पूर्वतयारी नसून इतिहासलेखनच आहे, ही समज मराठीत शंभर वर्षांपूर्वी होती. आज एखाद्या विद्यार्थ्याने एका देशमुखी दप्तराची वर्णनात्मक सूची केली, त्यातल्या निवडक मोडी पत्रांचं लिप्यंतर टिपांसह दिलं, तर ‘यात तुमचं योगदान काय?’ असं विचारलं जातं. शे-सव्वाशे जणांची प्रश्नावली भरून घेऊन सॉफ्टवेअरमधून रंगीत आलेख काढणाऱ्याला हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. पहिल्याच्या कामावर पुढची तीस वर्षं लोक उभे राहतील, संगणकशास्त्राच्या विभागालाही त्याचीच पानं लागतील. मराठवाड्यातल्या विद्यापीठांनी सूची, संपादन आणि लिप्यंतर यांना पीएच.डी.ची पूर्ण मान्यता द्यावी, आणि प्रश्नाचा रोख फिरवावा: सूची करणाऱ्याकडे योगदान मागण्याआधी आलेखवाल्याकडे ते मागावं.